लाल टाचणीचा पास्ता

"त्यात काय एवढं?" एवढेच शब्द मास्तरांच्या तोंडून निसटले आणि घरात अबोला सुरू झाला.

मास्तर शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. सुट्टीच्या दिवशी बायकोचा भाऊ आणि वहिनी जेवायला येणार होते. घरी लाटलेला ताजा पास्ता आणि गोड पाव करायचा म्हणजे दिवसभर उभं राहावं लागेल, असं बायको म्हणाली, आणि बेत ठरवायला आलेल्या वहिनींच्या देखतच मास्तरांनी हे उद्गार काढले. "मग तुम्हीच करा. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही," असं म्हणून तिनं जे तोंड मिटलं ते मिटलंच. काजं-बटणं करायला ती दुकानात येई, पण बोलणं सगळं सासूबाईंमार्फत. "आई, त्यांना सांगा, पांढरा दोरा संपलाय." मास्तर हाताच्या अंतरावर बसलेले असत. बिचाऱ्यांचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. जेवण झकास झालं तर ती हसेल, आणि हसली की बोलेलच, एवढ्या आशेवर त्यांनी सुट्टीच्या सकाळी मैद्यात हात घातला.

दोन्ही पिठं मळून झाली. अंड्यांमुळे दोन्ही सारखीच पिवळी. पास्त्याचं पीठ खिडकीत गार जागी ठेवलं. पावाचं पीठ, यीस्ट घातलेलं, फुगायला शेगडीशेजारी. दोन्हींवर एकाच अस्तराचे तुकडे झाकले. पुढे घोळ नको म्हणून मास्तरांनी पावावरच्या फडक्याला, खिशाला लावलेली होती ती लाल टाचणी टोचली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

तेवढ्यात पुढून हाक आली. शेजारच्या बँकेतले साहेब कोट घेऊन उभे होते. "मास्तर, बटण लागत नाही हो!" बटण लागत नव्हतं कारण साहेबांचं पोट सुटलं होतं, पण हे तोंडावर कसं सांगणार? कोट उसवून सैल करण्यात बराच वेळ गेला.

परत आले तर लाल टाचणीचं भांडं शेगडीशेजारीच होतं. पण आतलं पीठ काही फुगलेलं नव्हतं. मास्तरांनी बोटानं दाबून पाहिलं. ढिम्म.

"आई, हे फुगत का नाही?"

"मला काय विचारतोस?" आई घाईघाईनं म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

फुगेल भट्टीत, असं म्हणून मास्तरांनी त्यात मनुका मळायला घेतल्या. एक आत ढकलली की दुसरी बाहेर उडे, तुटक्या बटणासारखी. शेवटी कशीबशी वेणी घालून त्यांनी ती ओव्हनमध्ये सरकवली आणि पास्त्याकडे वळले. तिथे वेगळाच प्रकार! गार जागी निमूट पडून राहायचं ते पीठ टम्म फुगून फडक्याला भिडलं होतं. लाटावं तर आक्रसून पुन्हा पहिल्या जागी. मास्तरांनी पट्टी ठेवून, कात्रीनं सरळ पट्ट्या कापल्या आणि दुकानातल्या हँगरांवर वाळत घातल्या. बघता बघता पट्ट्या जाड झाल्या, लांबल्या, आणि एकेक जमिनीकडे निघाली. मास्तरांनी डोकं खाजवलं तर केसांना पीठ लागलं.

पाहुणे आले, तेव्हा पातेल्यातल्या पट्ट्यांच्या उशा झाल्या होत्या. मास्तरांनी त्यांच्यावर टोमॅटो-लसणाचा रस्सा ओतला. मेहुण्यांनी पहिला घास घेतला आणि चघळतच राहिले.

"मास्तर, पास्ता गोड असतो का?"

"असतो बहुतेक," मास्तर म्हणाले. पाव कापायला त्यांनी सुरी लावली. सुरी घसरली. वहिनी तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. आता ही जन्मभर बोलणार नाही!

"अहो, पण मी खूण केली होती!" ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "पावाला लाल टाचणी लावली होती!"

"पावाला?" बायको ताडकन उठली. "अहो, लाल टाचणी म्हणजे इस्त्रीजवळ न्यायचं नाही ना? दुकानात तुम्हीच तर शिकवलंत! मला वाटलं, टाचणीवालं पीठ गारच ठेवायचं. म्हणून मीच भांड्यांची अदलाबदल..."

ती एकदम थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते.

"पण मग टाचणी शेगडीपाशी कशी?" मास्तर चक्रावले.

"मी नंतर फक्त फडकी उचलून बघितलं," आई पुटपुटल्या. "परत झाकताना इकडचं फडकं तिकडे गेलं असेल. आता सगळं माझ्यावर ढकलू नका."

मास्तरांना अजूनही नीट उलगडा झाला नव्हता. पण एक गोष्ट डोक्यात शिरली आणि त्यांना इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

"म्हणजे तू आली होतीस? स्वयंपाकघरात? माझ्यासाठी?"

"पाणी प्यायला आले होते," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मग तिनं हँगरांवर उरलेल्या पट्ट्या उतरवल्या, त्यांना पीळ दिला, वर लोणी-साखर लावली आणि ओव्हनमध्ये टाकल्या. घरभर वास सुटला. खुसखुशीत, सोनेरी पीळ पाहुण्यांनी बघता बघता फस्त केले.

"वा!" मेहुणे बोटं चाटत म्हणाले. "मास्तर, हे कसं केलंत?"

मास्तर खुलले. "त्यात काय..." म्हणता म्हणता त्यांची नजर बायकोकडे गेली. तिचा चमचा हवेतच थांबला होता.

"...काय झालं ते मला खरंच कळलेलं नाही," मास्तरांनी वाक्य कसंबसं तडीस नेलं. "हिला विचारा."

बायकोनं दगडासारखा पाव उचलून मास्तरांच्या पुढ्यात ठेवला, वर दुकानातली मोठी कात्री ठेवली आणि गोड हसली.

"कापा की. त्यात काय एवढं?"