उडता कट्टा आणि पाणमांजराचं तळं

एका जंगलात, बालमित्रांनो, राजा नव्हता, पण रेंज होती. त्यामुळे राजाची उणीव कुणाला भासत नसे.

हे जंगल पाहुण्या पक्ष्यांच्या वाटेवर होतं. थंडी पडू लागली की ते उत्तरेकडून यायचे. ऊन तापू लागलं की परत जायचे. सगळे पट्टीचे प्रवासी. तुमचे बाबा वर्षातून एकदा महाबळेश्वरला जातात आणि वर्षभर त्याबद्दल सांगतात, तसे नव्हेत. हे हिमालय ओलांडून यायचे. सांगायचे मात्र बाबांइतकंच.

या सगळ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. नाव 'उडता कट्टा'. पक्ष्यांकडे मोबाईल कुठून आले, असं मागच्या बाकावरून कुणी विचारू नका. माकडांकडे आले, तसेच यांच्याकडे आले.

ग्रुपचे ॲडमिन होते गुलाबराव रोहित. रोहित म्हणजे ते गुलाबी, उंच पायांचे पक्षी. एका पायावर उभं राहून दुसऱ्याला नियम सांगायची त्यांना भारी हौस.

सकाळ झाली की ग्रुपवर कमळाचं चित्र यायचं. खाली लिहिलेलं, 'शुभ उड्डाण'. एकाने टाकलं की सगळे टाकायचे, कारण न टाकणारा वाईट दिसतो. दुपारी कुणीतरी गांडुळाचा फोटो टाकायचं. "आजचा बेत!" मग बाकीचे लिहायचे, "वा! आम्हाला नाही बोलावलं ते!" बोलावलं असतं तर कुणी गेलं नसतं. पण लिहायला काय जातं?

खरा रंग चढायचा संध्याकाळी. धोबीकाका नावाचे एक पक्षी होते, बसल्या जागी सतत शेपटी वरखाली करणारे. ते रोज प्रश्नमंजुषा घ्यायचे. हिमालय ओलांडताना डाव्या पंखाला काय दिसतं? मानससरोवरातल्या हंसांचा आवडता नाश्ता कोणता? प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. आधी बरोबर उत्तर देईल त्याला एक मोरपीस. म्हणजे मोरपिसाचं चित्र. मोराला यातलं काही माहीत नव्हतं.

ज्याच्याकडे मोरपिसं पुष्कळ, त्याच्या नावापुढे 'सुवर्णपंख' लागायचं. जयवंतराव चक्रवाक हे सुवर्णपंख होते. चक्रवाक हा नारिंगी अंगाचा, भारदस्त चालीचा पक्षी. जयवंतरावांना जगातल्या प्रत्येक पाणवठ्याबद्दल काही ना काही ठाऊक होतं. ते शिंकले तरी खाली माहिती लिहायचे.

मौज अशी की हे सगळं उडता उडता चालायचं. पंख हलताहेत, मान खाली, डोळे मोबाईलमध्ये. खालून डोंगर जायचे, नद्या जायच्या. जाईनात का! त्यांचे फोटो कुणीतरी आधीच टाकलेले असायचे.

याच ग्रुपवर इंदुमती नावाची एक तुतवार होती. तुतवार म्हणजे चिखलात चोच खुपसून किडे टिपणारी छोटीशी पक्षीण. ती फारसं बोलायची नाही. सकाळी कमळ टाकायची आणि गप्प बसायची.

एका संध्याकाळी इंदुमती एका खडकावर उतरली. तिचा उजवा पंख दुखावला होता. तिथून दोन वाटा फुटत होत्या. एकीकडे पाणमांजराचं तळं, जवळ. दुसरीकडे धरण, लांब. धरणात पाणी होतं हे नक्की. जीव मुठीत धरून ती तिथवर जेमतेम पोचली असती. पण तळ्यावर जाऊन तिथे पाणी नसेल, तर पुन्हा उडायचं त्राण तिच्यात उरलं नसतं.

तिने ग्रुपवर लिहिलं, "पाणमांजराच्या तळ्यात यंदा पाणी आहे का? कुणी पाहिलंय का? माझा पंख दुखावलाय. आज एकदाच उडता येईल."

तळ्यावरून तर सगळेच गेले होते. काही जण त्याच सकाळी.

लगेच धोबीकाकांचं उत्तर आलं. "उत्तम प्रश्न, इंदूताई! फक्त पर्याय द्यायचे राहिले. मी देतो. अ, आहे. ब, नाही. क, गुडघाभर आहे. ड, वरील सर्व."

बिचारी लिहू लागली की हा तसला प्रश्न नाही. पण तोवर उत्तरांचा पाऊस सुरू झाला होता.

"क! क!"

"गुडघाभर म्हणजे कुणाच्या गुडघ्याने? गुलाबरावांच्या की इंदूताईंच्या?"

"मी ड म्हणतो. ड नेहमी बरोबर असतं."

मग जयवंतराव आले. ते आले की बाकीचे पंख आवरून बसत. त्यांनी लिहिलं, "अ. या तळ्यात पूर्वी पाणमांजरांचं कुटुंब राहायचं, म्हणून हे नाव. माझे आजोबा इथे पोहत असत. तळ खडकाळ असल्यामुळे पाणी हटत नाही."

एवढी माहिती आल्यावर कोण काय बोलणार? सगळ्यांनी घाईघाईने आपापली उत्तरं बदलून अ केली. धोबीकाकांनी शेपटी वरखाली करत निकाल लावला. बरोबर उत्तर अ. जयवंतरावांना मोरपीस. टाळ्या, टाळ्या, कमळ, कमळ.

इंदुमतीने विचारलं, "पण नक्की ना? कुणी डोळ्यांनी पाहिलंय?"

गुलाबराव म्हणाले, "ताई, निकालानंतर शंका घ्यायची नाही, असा नियम आहे."

आता एवढे मोठमोठे प्रवासी सांगताहेत म्हटल्यावर ती निघाली. तुम्हीही निघाला असता. मीही.

तळ्यात पाणी नव्हतं. भेगा होत्या. एका भेगेतून एक खेकडा डोकावत होता.

"पाणी कुठे गेलं हो?" इंदुमतीने विचारलं.

"आटलं की कवाच," खेकडा म्हणाला. "म्या ऱ्हायलो मागं. पर तुमच्यावानी लई पाखरं वरनं जात्यात. समदी मान खाली घालून. मला वाटायचं, माज्याकडंच बगत्यात. म्या नांगी बी हलवायचो."

"जवळपास दुसरं पाणी आहे का?"

"असंल बी. पर मला वाट नगा इचारू ताई. म्या तिरका चालतो."

तेवढ्यात बांधावर एक कोल्हा येऊन बसला. हा कोल्हा कुठल्याच ग्रुपवर नव्हता. त्यामुळे त्याला समोरचं नीट दिसायचं. दुखरा पंख दिसला. मावळतीचं ऊनही दिसलं. तो अंधाराची वाट बघत बसला.

इंदुमतीने लिहिलं, "तळं कोरडं आहे. मला उडता येत नाही. समोर कोल्हा बसलाय. कुणीतरी या."

"अरेरे," एकाने लिहिलं.

"काळजी घ्या," दुसऱ्याने लिहिलं आणि कमळ टाकलं.

गुलाबरावांनी लिहिलं, "निकालाबद्दलच्या तक्रारी मला खाजगीत पाठवा."

"कोल्ह्यावरून आठवलं," धोबीकाका म्हणाले. "पुढचा प्रश्न. कोल्हा दिवसातून किती तास झोपतो?"

सगळे तिकडे वळले. इंदुमतीला आधी रडू आलं. मग सपाटून राग आला. राग आला हे बरं झालं, कारण डोळे भरलेले असले की टाईप करता येत नाही.

तिने लिहिलं, "विशेष प्रश्न! पाणमांजराच्या तळ्यापासून चालत जाता येईल असं सगळ्यांत जवळचं पाणी कोणतं? जागेवरचा ताजा फोटो हवा. पहिल्या बरोबर उत्तराला मोराचा अख्खा पिसारा."

बालमित्रांनो, कोल्ह्याच्या झोपेचा प्रश्न तिथेच राहिला. अख्खा पिसारा! असं बक्षीस कट्ट्यावर कधी लागलंच नव्हतं.

आणि मग चमत्कार झाला. आसपासच्या झाडांवर बसलेल्या, आभाळातून चाललेल्या सगळ्या पक्ष्यांनी माना वर केल्या आणि चक्क खाली पाहिलं. खाली जमीन होती. तिच्यावर बऱ्याच गोष्टी होत्या. काही जणांना नवलच वाटलं.

पहिला फोटो टाकला एका भोरडीने, म्हणजे गुलाबी मैनेने. "बाभळींच्या पलीकडे झरा!"

"तो झरा नव्हे," जयवंतरावांनी ताबडतोब लिहिलं. "तो ओहोळ आहे."

"झरा आहे!"

"सुवर्णपंखाला शिकवू नका!"

ओहोळच आहे हे सिद्ध करायला जयवंतराव स्वतः येऊन त्यात उभे राहिले. झराच आहे हे सिद्ध करायला भोरड्यांचा थवा आला. तिसरंच पाणी जवळ आहे असं म्हणणारी बदकं अंतर मोजायला थेट तळ्यात उतरली आणि तिथून बाभळींपर्यंत ओळीने चालत निघाली. निकालात गडबड होऊ नये म्हणून गुलाबराव आले. तळ्यापासून ओहोळापर्यंत नुसता कलकलाट! कोल्ह्याने कानावर पंजे घेतले. असल्या गोंगाटात जेवण जात नाही, असं म्हणत तो उठून गेला.

त्या भांडणाच्या मधून इंदुमती पायीपायी चालत गेली. पाण्यात चोच घातली. पोटभर प्यायली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि ते कुणाला दिसलं नाही. शेजारी जयवंतराव उभे होते.

"आपण कोण?" त्यांनी विचारलं.

"मी इंदुमती. तुतवार."

"अस्सं! तो प्रश्न तुमचाच का? छान होता हो. जरासा सोपा होता, एवढंच."

पंखाचं काय झालं, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. तो प्रश्न कुणी घातलाच नव्हता.

पुढे पंख बरा झाला. एवढा गाजलेला प्रश्न घातल्यामुळे धोबीकाकांनी इंदुमतीला आपल्या जोडीला घेतलं. आता तिच्या नावापुढे 'सुवर्णपंख' लागलं. सकाळी ती कमळ टाकायची, तेव्हा तिच्यामागून सगळे टाकायचे. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. तुम्हालाही आवडेल.

असेच दिवस चालले होते. एका धुक्याच्या सकाळी ती नदी ओलांडून आली आणि झाडावर बसून संध्याकाळचे प्रश्न तयार करू लागली. तेवढ्यात ग्रुपवर एक निरोप आला. नाव नवीन होतं. कुणी वटवट्या नावाचा छोटासा पक्षी होता.

"नदीवरच्या विजेच्या तारा कुठून सुरू होतात? धुक्यात काही दिसत नाही. मी पहिल्यांदाच येतोय. लवकर सांगा."

इंदुमतीला उत्तर माहीत होतं. ती नुकतीच त्याच तारा चुकवून आली होती.

तिची चोच थोडी थांबली. कुठलंतरी कोरडं तळं आठवल्यासारखं झालं.

मग तिने लिहिलं, "वा, छान प्रश्न! फक्त पर्याय द्यायचे राहिले. मी देते."

तात्पर्य : संकटात सापडलात तर मित्रांना हाक मारू नका, कोडं घाला. मदत करायला कुणी येत नाही, बरोबर ठरायला सगळे येतात. आणि एकदा का तुम्ही स्वतः पाण्यापर्यंत पोचलात, की दुसऱ्याची हाक नीट ऐका आणि तिला गुण द्या.