सध्या गाठ नाही

जगातली प्रत्येक गोष्ट अनित्य आहे, हे आमच्या घरी दर पौर्णिमेला बुद्धवंदनेनंतर सांगितलं जातं. लॅमिनेशन केलेला कागद हा या नियमाला एकमेव अपवाद आहे, असं माझे वडील मानत. त्यांनी एका पंचायत समितीच्या आवक-जावक विभागात एकतीस वर्षं काढली होती, त्यामुळे या विषयावर त्यांचं मत अधिकृत समजलं जाई.

पिंपळगाव राजाच्या आमच्या घरात लोखंडी कपाटाचा वरचा कप्पा अशा कागदांसाठी राखीव होता. जातीचा दाखला, वीजजोडणीची मूळ पावती, माझं दहावीचं गुणपत्रक, रक्तदानाची अकरा प्रमाणपत्रं आणि एक सातबारा (त्यावरच्या नोंदी दरम्यान बदलल्या होत्या, पण तो तहसीलचा प्रश्न होता).

बाबांना, म्हणजे पंजाबरावांना, आजार झाला नाही. तो त्यांना कळवण्यात आला. चौदा एप्रिलच्या शिबिरात त्यांनी बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर बाराव्यांदा रक्त दिलं. आठ दिवसांनी प्रमाणपत्राऐवजी फोन आला, की रक्तात हिपॅटायटिस बी आहे, येऊन भेटा. बारावं प्रमाणपत्र कधी मिळणार, एवढंच त्यांनी विचारलं.

खामगावच्या डॉक्टर जयमाला मॅडमनी सगळ्या तपासण्या करून तीन सूचना दिल्या. एक, गोळी रोज घ्यायची. दोन, लिव्हरवर जुने वण पडलेले आहेत, त्यामुळे गोळीनं कॅन्सरचा धोका कमी होईल पण संपणार नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी. गाठ झालीच तर ती बोराएवढी असताना सापडली पाहिजे, तेव्हा इलाज होतो. तीन, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं आणि ज्यांना आजार नाही त्यांनी लस घ्यायची. लिव्हर दुखून सांगत नाही, असंही त्या म्हणाल्या.

बाबांनी तिन्ही सूचना आवक म्हणून नोंदवून घेतल्या आणि त्यांच्यावर रीतसर कार्यवाही केली.

पहिली तंतोतंत पाळली. हजेरीपटावर सही करावी तशी गोळी सकाळी दहाला घेतली, एकही खाडा नाही.

तिसरी कुटुंबाच्या बैठकीकडे विचारार्थ पाठवली. ही बैठक कोणाच्या तरी लग्नात आपोआप भरते. बैठकीचं मत असं पडलं, की घरात एकाला आहे हे कळलेलंच आहे, मग बाकीच्यांनी पुन्हा तेच कशाला शोधायचं.

दुसऱ्या सूचनेबाबत मात्र बाबांनी स्वतःची कार्यपद्धती विकसित केली. पहिली सोनोग्राफी झाली. मॅडमनी रिपोर्टखाली पेनानं मराठीत लिहिलं, ‘सध्या गाठ नाही.’ बाबा तो कागद घेऊन तडक बसस्थानकासमोरच्या राजकुमारच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि लॅमिनेट करून आणला. प्लास्टिकच्या आत ‘सध्या’ हा शब्द कायमचा बसला.

सहा महिन्यांनी मी बुलडाण्याहून फोन करून आठवण केली. त्यांनी कपाट उघडलं, कागदाचा फोटो काढला आणि मला पाठवला. मी तो मोठा करून वाचला आणि उत्तरादाखल एक अंगठा पाठवला. (मी शाळेत विज्ञान शिकवते.)

चार वर्षांत एकूण आठ सोनोग्राफ्या देय होत्या. पैकी एक झाली, म्हणजे साडेबारा टक्के. उरलेल्या सातांचा तपशील असा: सोयाबीनची सोंगणी, दोन. देऊळघाटचं लग्न, एक. केंद्रावर गर्दी पाहून परत, एक. काही दुखत नाही, तीन. सरकारी योजनांच्या मानानं ही अंमलबजावणी वाईट म्हणता येणार नाही.

त्यांना मुदतीचं महत्त्व कळत नव्हतं, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. पेन्शनरला दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. बाबा एक नोव्हेंबरला, बँकेचं शटर वर जाण्याआधी, इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर हजर असत. एकदा मी विचारलं, गेल्या वर्षीचा दाखला लॅमिनेट करून का दाखवत नाही?

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. म्हणाले, “असं कसं चालन माय? मधात माणूस मरू शकते ना.”

पाचव्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे पिवळे झाले. शालूआत्यानं त्यांना कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्यानं तळहातांना चुना चोळून हात धुतले, तर परातीतलं पाणी पिवळं झालं. तीन वेळा धुतले, तिन्ही वेळा पिवळं. आत्या आजही सांगते, की तिनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर इतकं स्वच्छ कधीच दिसत नाही, हे मान्य करावं लागेल.

तिथून आम्ही मॅडमकडे गेलो. गाठ बोराची मर्यादा ओलांडून संत्र्याएवढी झाली होती, आणि एकटी नव्हती. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

“मॅडम, हे तुमचंच अक्षर आहे.”

मॅडमनी कागद पाहिला, उलटून मागची बाजूही पाहिली, आणि दोन्ही हातांनी त्यांना परत दिला. आक्षेप घेण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाबा पोळा पाहून गेले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेतून फोन आला, की पंजाबरावांचा हयातीचा दाखला यंदा आला नाही, एरवी ते पहिले असतात. आईनं फोन माझ्या हातात दिला.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजली सभेच्या, दिवशी प्रलंबित तिसरी सूचना पुन्हा बैठकीसमोर आली होती. सर्वांनी रक्त तपासून घ्यावं, असं एकमतानं ठरलं. एकूण चौतीस जण हजर होते. प्रत्यक्ष तपासणीला आम्ही तिघं गेलो, आई, मी आणि धाकटा भाऊ नागसेन. एकतीस जण अजून एकमतावर ठाम आहेत.

आईला आजार नव्हता, मलाही नव्हता. आम्हाला लस सुरू झाली. नागसेनला होता.

गेल्या महिन्यात त्याची पहिली सोनोग्राफी झाली. आई बाहेर बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळून बसली होती. नागसेन बाहेर आला, त्यानं कागद तिच्यापुढे धरला आणि खाली पेनानं लिहिलेलं वाचून दाखवलं. तेच अक्षर, तेच तीन शब्द. आईनं बोट सोडवलं. मग तो माझ्याकडे वळला.

“ताई, राजकुमारचं दुकान किती वाजेपर्यंत चालू राह्यते?”

हे तो गमतीनं म्हणाला, की बाबांचा मुलगा म्हणून म्हणाला, हे मी विचारलं नाही. लॅमिनेशनमध्ये एक दोष आहे, त्यावर साधं पेन उठत नाही. मी कागद त्याच्या हातातून घेतला, ‘सध्या’च्या बाजूला सहा महिन्यांनंतरची तारीख लिहिली आणि त्याला सही करायला लावली. आवक-जावक विभागात असंच करतात. तो कागद आता आईच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर खिळ्याला उघडाच लटकतो. फोडणीचे डाग पडून खराब होऊ लागला आहे. प्रगती समाधानकारक आहे.

बाबांचा कागद कपाटात आहे. पाच वर्षं झाली, पण एक सुरकुती नाही, शाई उडालेली नाही. त्यात आजही सध्या गाठ नाही.

काही दुखत नाही म्हणून ज्या वाचकांनी आपलं रक्त कधीच तपासलेलं नाही, त्यांना तो वापरायला द्यायला माझी हरकत नाही. वर नाव पंजाबरावांचं आहे, तिकडे दुर्लक्ष करावं. तुमच्या नावाचा तर तेवढाही कागद नाही.