गणूदादांचे जाळीचे डबे

गणूदादा कुणाकडेही चहाला गेले, की चहा येण्याआधी खिशातून पट्टी काढून चहाच्या डब्याचं माप घेत. मग अडकित्त्याचं, चष्म्याचं. एकदा तर आमच्या खाटेवर निजलेल्या मांजरीचंही. कुणी हटकलं तर म्हणत, "ऱ्हाऊ दे, माप कामाला येतं." मग आपण समजायचं, की लवकरच त्या वस्तूला लाकडी पेटी येणार, हवी असो वा नसो.

दादा मूळचे पोशीरचे, खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर, आणि चाळीत माझे शेजारी. पाळी संपली की चहाच्या खोक्यांचं पातळ प्लायवूड घेऊन बसत. त्यावर वेलबुट्टीचा कागद खळीने चिकटवायचा, भोक पाडायचं आणि दोऱ्याएवढ्या पात्याच्या करवतीने नक्षी कापत जायचं. कोपऱ्यांना दाते पाडून ते एकमेकांत अडकवायचे. "खिळा मारला की अक्कल संपली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पातं तुटल्यावरची वाक्यं मात्र शाळामास्तर असल्यामुळे मला लिहिता येत नाहीत.

माझ्या रेडिओसाठी त्यांनी मोराची जाळी कापून देखणी पेटी केली. रेडिओ आत जाईना. मापात लाकडाची जाडी धरायची राहिली होती. मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "मास्तर, तुमचा रेडिओ फुगलाय." त्या पेटीत आमची ही अजून लसूण ठेवते.

पुढे त्यांच्या बायकोची, सुमनवैनींची, नजर हळूहळू गेली. डॉक्टरांनी हात टेकले. दिवाळीला ठाण्याचा मुलगा आला आणि नेमकं वैनींच्या हातून खिरीत साखरेऐवजी मीठ पडलं. मुलगा गुणाचा, पण घाबरट. म्हणाला, "आईला आता स्टोव्हपाशी बसू द्यायचं नाही. होळीला येतो तेव्हा तिला ठाण्यालाच नेतो."

"माज्या सयपाकघरात मी आंधळी नाय रं," वैनी म्हणाल्या. पण मुलाचं ठरलं होतं. दादांना नोकरी सोडून जाता येणार नव्हतं.

त्यानंतर दादांची पट्टी दिसेना. भिंतीपलीकडून करवत मात्र सारखी ऐकू येई. एका रविवारी मी डोकावलो, तर दादा स्वयंपाकघरात डोळ्यांना टॉवेल बांधून बसलेले, पुढ्यात लाकडी डबे, आणि वैनी तोंडाला पदर लावून हसतायत.

"दादा, हे काय?"

"गप ऱ्हावा मास्तर. साखर शोधतोय." त्यांनी एक डबा उघडून चिमूट तोंडात टाकली. ती मिरची होती. पुढचा काही वेळ पाणी पिण्यात गेला.

डोळ्यांना देखणी नक्षी बोटांना कळत नव्हती. मिठाची वेल काय, साखरेचा मोर काय, हाताला सगळं सारखंच खडबडीत.

"एवढा पिसान् पीस कापला, नि तुला वळखू येत नाय?"

"अवो, मला मोर नको, साखर पायजे."

दादांनी डोळ्यांवरचा टॉवेल सोडला. मग सगळी झाकणं काढून नवी केली. साखरेच्या झाकणात एक गोल खळगा, मिठाच्या लांब चीर, मिरचीच्या त्रिकोण. इतकं साधं काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि मला त्यांचं तेच काम सगळ्यांत आवडतं.

होळीला मुलगा आला. दादांनी मलाही बोलावलं. "मी च्या टाकते," वैनी म्हणाल्या. मुलगा उठू लागला, तर दादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. वैनींचं बोट चिरेवर थांबलं. दादांनी ओठ गच्च मिटले, पण काही सुचवलं नाही. बोट पुढे सरकलं आणि गोल खळग्यात जाऊन बसलं.

मुलाने चहा संपवला. खाली बघत म्हणाला, "आई, अजून अर्धा कप दे." दुसऱ्या दिवशी तो एकटाच ठाण्याला गेला.

त्या संध्याकाळी दादा आणि मी ओट्यावर बसलो होतो. "मास्तर, तिचे हाल व्हतील म्हनून नाय केले डबे," दादा म्हणाले. "सून चांगली हाय. पन पाळीवरनं आलो नि दार लोटलं, तर आतनं 'आलात का?' असं कोन इचारनार व्हतं मला?"

मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात आतून वैनींचा आवाज आला, "अवो, कारखान्याचा सांजचा भोंगा झाला. दिवा लावा की, मास्तरांना दिसत नसंल."