उसने गेलेले लिंबाजीमामा

"मेडलांच्या मधी रुमाल कशाला खोचलाय हो त्यांनी?"

"जागा धरून ठेवलीय."

सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन चालू होतं. परतूरच्या तहसील कचेरीसमोर सगळे ताठ उभे होते आणि माझ्या मागचे दोन कारकून हे बोलत होते. मी हसू लपवायला खाली मान घातली. पुढच्या रांगेत आमचे शेजारी लिंबाजीमामा खरात छाती काढून उभे होते. काळ्या कोटावर डाव्या बाजूला एक मेडल, मग टाचणीनं लावलेला, बारीक घडीचा पांढरा रुमाल, मग दुसरं मेडल. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून लोक जागा धरतात, अगदी तसा.

मामांचं म्हणणं सरळ होतं. मेडलांचा क्रम ठरलेला असतो, तो आपल्या मर्जीनं बदलता येत नाही. मधलं मेडल अजून यायचं होतं, म्हणून त्याची जागा मोकळी सोडायची. आधी ते नुसतीच मोकळी सोडत. पण मग लोकांना वाटायचं, मेडल पडलं. एका पंधरा ऑगस्टला शाळेच्या पोरांनी शोधून शोधून अख्खं मैदान पालथं घातलं होतं. तेव्हापासून रुमाल.

"आलं म्हंजे बसंल आपल्या जागेवर," मामा म्हणायचे. "हिसाब से."

'हिसाब से' हा त्यांचा शब्द. चहात साखर हिसाब से, बोलणं हिसाब से, ऊनसुद्धा हिसाब से पडलं पाहिजे. फक्त स्वयंपाक त्यांना हिसाबात करता येत नसे. मामा पलटणीत लांगरी होते, म्हणजे स्वयंपाकी. हे त्यांनी कधी लपवलं नाही. गल्लीतली पोरं विचारायची, "मामा, दुश्मन किती मारले?" मामा म्हणायचे, "मारला एक बी न्हाई. जेवू घातले ते इच्यार." मात्र शंभर माणसांच्या खाली त्यांचा हात चालत नसे. एकदा गयामामी तापानं झोपल्या होत्या, तेव्हा मामांनी घरच्या तिघांसाठी खिचडी टाकली. ती आमच्या घरी दोन दिवस पुरली, पलीकडच्या घरी तीन. नंतर मामींनी त्यांना चुलीजवळ येऊ दिलं नाही.

चौदा एप्रिलला जयंतीचं जेवण असलं की मात्र मामा राजे. पहाटेपासून विहाराच्या मागं त्यांचा आवाज घुमायचा. कांदे चिरणाऱ्या बायकांना ते तीन-तीनच्या रांगेत बसवायचे. "लाईन सीधी! कांदा खाली, नजर समोर!" नजर समोर ठेवून कांदा कसा चिरायचा, हे कुणी विचारलं नाही. बायका हसत हसत रडायच्या आणि जेवण मात्र असं व्हायचं की आष्टीपर्यंतची माणसं पंगतीला यायची.

जगातल्या सगळ्या गावांची मामांकडे एकच परीक्षा होती: तिथं डाळ शिजते का? माझे बाबा जनावरांचे डॉक्टर. ते गावोगाव फिरून आले की मामा विचारायचे, "डाक्टरसाब, तिकडच्या पान्यात डाळ गलते का?" एखाद्या गावच्या विहिरीचं पाणी जड आहे असं कळलं, तर त्या गावात सोयरीक करू नये असं त्यांचं मत होतं. आणि मग ते आकाशाकडं बोट दाखवून म्हणायचे, "पर तिथं? वर? सकाळी चढवलेली डाळ दुपारच्याला बी कच्ची. पानी उकळतंय, डाळ तशीच. हिमालय, डाक्टरसाब!"

घरातून आवाज यायचा, "हिमालय म्हनं! पुन्याचा हिमालय!"

ह्या गयामामी. सगळं दुखणं इथंच होतं.

मामा फौजेत असताना त्यांची पत्रं घरी यायची, पण पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नुसता आकडा. आत मजकूर, मी खुशाल आहे. मामी तेव्हा बाळंतपणाला माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला गेल्या होत्या. शकुंतला झाली आणि मामी मरायला टेकल्या. भावानं तार केली. तारेचं उत्तर नाही, माणूसही नाही. मामा आले ते शकुंतला चालायला लागल्यावर. त्या घरात जो पुरुष दिसेल तो मामा, एवढंच तिला माहीत. फौजी कपड्यातला हा मोठा माणूस दारात उभा राहिला तशी ती म्हणाली, "मामा आला." माहेरात हसू पिकलं, नाव चिकटलं, पुढं परतूरच्या गल्लीनंही तेच उचललं. शकुंतला आता सातवीत आहे, तीही मामाच म्हणते.

"आधी बर्फ व्हतं, मंग रजा न्हाई, मंग पुन्हा बर्फ," मामा सांगायचे.

मामींचा विश्वास नव्हता. त्यांच्या मते हा माणूस त्या दिवसांत पुण्याच्या छावणीत बसून बिर्याणी खात होता. या गोष्टीत दर वर्षी एक पदर वाढे. आधी नुसती बिर्याणी होती, मग तिला सिनेमा जोडला गेला. माझं कॉलेज संपवून मी घरी आले तोवर गोष्ट एका नर्सपर्यंत पोचली होती.

आणि सरकार मामींच्या बाजूनं होतं. मामा सुटून आले तेव्हा त्यांच्या डिस्चार्ज बुकात दोनच मेडलं लिहिलेली. हिमालयातल्या कठीण नोकरीचं जे मेडल मिळतं, त्याची नोंदच नाही. मामींनी ते बुक शाळेच्या गुरुजींकडून तीनदा वाचून घेतलं होतं. "सरकारच म्हनतंय, हा मानूस तिथं गेल्ताच न्हाई," त्या नळावर सांगायच्या. त्या मेडलानं पेन्शन एका पैशानं वाढणार नव्हती. मामांना ते जगात एकाच माणसाला दाखवायचं होतं.

म्हणून एक दिवस ते बाबांकडे आले आणि माझ्याकडं हात करून म्हणाले, "बेबी इंग्लिस शाळेत शिकलीय. रेकार्ड आफिसला मराठी चालत न्हाई. आपल्याला बेबी द्या."

बाबांनी मला देऊन टाकलं. मी जालन्याला मिशनच्या बोर्डिंगात वाढले. तिथं कमी बोलणाऱ्या मुलीला शहाणी म्हणत. परतूरला तिला शिष्ट म्हणत. मी शिष्ट नव्हते, मला फक्त लोकांसमोर बोलायचं म्हटलं की घसा कोरडा पडायचा. लिहायचंच आहे म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं.

पहिला अर्ज मी फार सुंदर लिहिला. उत्तर आलं, सदर इसम त्या काळात हिमालयात असल्याची नोंद त्याच्या पलटणीकडं नाही. मामींनी गुरुजींना बोलावून तेही वाचून घेतलं.

दुसरा अर्ज मामांनी स्वतः सांगायला घेतला. ओट्यावर ते येरझारा घालत सांगत होते, मी लिहीत होते. "लिही. अंडी दगडावानी गोठायची. एका लान्सनायकाच्या डोक्यावर अंडं पडलं, टेंगूळ आलं. अंड्याला काय झालं न्हाई. लिही."

"मामा, साल सांगा ना."

"साल? ज्या साली थंडीनं कांदे फुटले ते."

मी लिहिलं ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण ते डोळे मिटून, मान डोलवत ऐकायचे. मध्येच डोळे उघडले. "थांब. डाळ कुठंय?"

"आहे ना मामा. लेंटिल्स. म्हणजे डाळच."

"बेबी, लेंटिल वर आलंच न्हाई. खेचरावर डाळ आल्ती. जे आलं ते लिही."

मी खोडून डाळ लिहिलं. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि म्हणाले, "आता बराबर."

तेवढ्यात पलीकडच्या घरची सून मोठं पातेलं उसनं मागायला आली. मामींनी काठाखाली कोरलेल्या नावावर तिचं बोट टेकवलं. "हे बघून ने, न् हे बघून आन. मागच्या टायमाला दुसऱ्याचंच आल्तं."

पातेलं गेलं. मामा त्याच्याकडं बघत स्वतःशीच म्हणाले, "मी बी असाच उसना गेल्तो."

"कुठं?" मी विचारलं.

"दुसऱ्या पलटनीचा लांगरी बीमार पडला. आमचे साहेब म्हनले, लिंबाजी, चार दिवस जाऊन ये. वर गेलो न् वाट बंद."

"मग तुमच्या पलटणीनं ते लिहून ठेवलं असेल."

"चार दिवसापायी कोन लिव्हतंय?"

"पण तुम्ही तर वर्षभर होता तिथं!"

"माझ्या हातची डाळ खाल्ली त्यांनी," मामा अभिमानानं म्हणाले. "चांगलं भांडं कोनी लवकर परत देतं का?"

दारातून मामी म्हणाल्या, "भांड्यावर तरी नाव असतंय."

त्या टोमणा मारून आत गेल्या. मी मात्र कोरा कागद घेतला. इतके दिवस आम्ही विचारत होतो त्यांच्या स्वतःच्या पलटणीला, आणि ज्यांनी त्यांना वापरलं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मी लिहिलं की अर्जदार अमक्या पलटणीला उसना दिला होता, तरी कृपया त्यांचे कागद बघावेत. अंडं आणि टेंगूळ गाळलं. डाळ ठेवली, नाहीतर मामांनी सही केली नसती.

मग वाट बघणं आलं. पोस्टमन गल्लीत वळला की मामा अटेन्शनमध्ये. "रिपोर्ट?" पोस्टमनही आता शिकला होता, टाच जुळवून सांगायचा, "निल, साब!" मामी म्हणायच्या, "ती नर्स पत्र धाडत न्हाई का आता?" अशी सगळ्या गल्लीची करमणूक चालली होती.

बाजारात कापसाच्या गाड्या यायला लागल्या तेव्हा एका दुपारी मामा आमच्या दारात आले. इस्त्रीचा सदरा, हातात लांब पाकीट. फोडलेलं नव्हतं. तोंडावर नेहमीचा रुबाबही नव्हता.

"चल, बेबी. मामीसमोर फोड. जे असंल ते तिच्यासमोर."

मामी सूप घेऊन जोंधळा निवडत बसल्या होत्या. मी पत्र आधी मनात वाचलं, मग मराठीत सांगितलं. सदर लांगरी दुसऱ्या पलटणीसोबत हिमालयात होता, असं त्या पलटणीच्या कागदांत आढळलं. डिस्चार्ज बुकाची नोंद दुरुस्त करण्यात येत आहे. मेडल यथावकाश पाठवू.

"ऐकलं का?" मामांनी बोट वर केलं. "हिमालय! सरकार म्हनून राह्यलंय!"

मी मामींच्या टोमण्याची वाट बघत होते. मामाही बघत होते. मला वाटतं, त्यांना तो हवाच होता. पण मामींचा हात सुपात तसाच थांबला.

"म्हंजे तुमी कुठं हायेत, ते तुमच्या पलटनीलाच ठाव नव्हतं?"

"चार दिवसांचं काम व्हतं, म्हनून..."

"मंग माझी तार कुठं गेली?"

मामांचं बोट हळूच खाली आलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं. "चहा टाकतो," असं म्हणून ते आत गेले. मामींनी त्यांना अडवलं नाही. आतून सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला.

"तुला सांगितलं का गं त्यांनी कधी?" मामींनी हळू आवाजात विचारलं. "तारेचं?"

सांगितलं होतं. दुसरा अर्ज लिहिताना, मामी नळावर गेल्या होत्या तेव्हा. आणि लगेच बजावलं होतं, "हे अर्जात नको. न् घरात तर बिलकुल नको. ती म्हनंल, एवढं बी नीट जमलं न्हाई ह्या मानसाला."

नाही म्हणणं मला नेहमी सोपं जातं, नुसती मान हलवली की झालं. मामी माझ्याकडं बघत राहिल्या. मी पत्राची घडी करून खाली ठेवली.

"मामी," मी म्हणाले, "तार मामांना शोधत फिरत राहिली. बर्फ वितळल्यावर खेचरांवरच्या बटाट्यांबरोबर वर पोचली, तेव्हा ती चार महिने जुनी होती. बायको अत्यवस्थ, लगेच या, एवढंच तिच्यात होतं. तुम्ही आहात की नाही, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता. त्या दिवशी त्यांनी डाळीत दोनदा मीठ टाकलं. शंभर माणसं जेवायला बसली होती, मामी. सगळ्यांनी ती डाळ संपवली, आणि एकानंही तोंड वाकडं केलं नाही."