मागणी आणि मसुरीचं सूप

पहिला चमचा तोंडात जाताच वेदातनं वाडग्यात डोकावून पाहिलं. सूप कडू होतं. करपलेलं नव्हे, कडू.

वेदात अंकाराच्या एका कृषी संशोधन केंद्रात मसूर आणि तिच्या भाऊबंदांचं वर्गीकरण करायचा. पान, फूल, शेंग पाहून कोण कुठल्या घराण्यातलं ते ठरवायचं, हाच त्याचा पोटापाण्याचा उद्योग. पण आज तो आईला घेऊन या गावात नुरजानला मागणी घालायला आला होता, आणि सुपात मसुरीबरोबर फीय आहे असा त्याला दाट संशय येत होता. फीय म्हणजे गुरांचा चारा. माणसानं रोज खावी अशी ती वस्तू नव्हे.

"आवडलं नाही वाटतं?" नुरजानची आई मुकद्देसबाई दारातूनच म्हणाल्या. त्यांचा आवाज आधीच पडला होता.

"छे छे, मावशी! जरा गरम आहे."

"गीळ," वेदातची आई ओठ न हलवता पुटपुटली. "मी नाही का गिळत?"

वेदात सुपात चमचा फिरवत राहिला. बोलावं तर मागणी फिसकटणार. न बोलावं तर हे लोक हेच खात राहणार, आणि त्यात नुरजानही आली.

"काका, मसूर घरचीच का?"

"घरचीच," नुरजानचे वडील रुश्तूकाका छाती काढून म्हणाले. "आमच्या वडिलांपासूनचं बी आहे."

"एकदा झाड बघता येईल?"

"झाड? लोक मुलगी बघायला येतात!"

"डाळ सोलून भरडली की ओळख पटत नाही हो. झाडावर पटते."

"झालं," आई म्हणाली. "जमलेलं मोडलं यानं."

शेत घरामागेच होतं. रुश्तूकाका ताठ मानेनं पुढे, बाकी सगळे ठेवणीतल्या कपड्यांत मागे. नव्या सुटाची पर्वा न करता वेदात मातीत गुडघे टेकून बसला आणि त्यानं दोन रोपं उपटली.

"ही मसूर. शेंग आखूड, चपटी, आत दोनच दाणे. आणि ही बघा. शेंग लांब, दाणे ओळीनं. पानाच्या टोकाच्या या दोऱ्यासारख्या ताण्याला फाटे फुटलेत. देठाशी हे इवलंसं दातेरी उपपर्ण आणि त्यावर काळा ठिपका. ही फीय. सगळ्या शेतात मिसळलीय."

रुश्तूकाकांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी पाहुण्यांना गुरांचा चारा वाढला?"

"तसं नाही, काका..."

"मग कसं?"

वेदातनं विचार केला. "तसंच. पण..."

आई बांधावर मट्‌कन बसली. नुरजाननं तोंडावर ओढणी धरली होती. ती रडतेय की हसतेय ते कळेना. इतक्यात मुकद्देसबाई पुढे झाल्या आणि त्यांनी वेदातच्या हातातलं रोप हिसकावून घेतलं.

"सूप हिच्यामुळे कडू होतं?"

"हो, मावशी."

"माझ्या हातामुळे नाही?"

"हाताचा काय संबंध!"

मुकद्देसबाई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलंत? लग्न झाल्यापासून ऐकतेय, माझ्या हाताला चव नाही. तुमची आई बोलली, बहिणी बोलल्या, तुम्ही तर येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर बोलता. अहो, तुमच्या बियाण्यातच खोट होती!"

रुश्तूकाका आभाळाकडे बघू लागले. आभाळात काहीच नव्हतं.

"मुलगी याला द्यायची," मुकद्देसबाईंनी सांगून टाकलं. "आणि आजच शब्द द्यायचा."

साखरपुड्याला अख्खं गाव जेवायला होतं. मसूर या खेपेला वेदातनंच आणली होती, उभ्या पिकातलं झाडन्‌झाड पारखून घेतलेली. तिच्यात फीयेचा दाणा सापडता तर त्यानं नोकरी सोडली असती. सूप मुकद्देसबाईंनी कुणालाही हात लावू न देता एकटीनं रांधलं आणि पहिला वाडगा जावयापुढे ठेवला. सारं गाव बघत होतं.

वेदातनं चमचा तोंडात घातला.

सूप कडू होतं. अगदी तस्सं.

"कसं झालंय, बाळ?" मुकद्देसबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे चमकत होते. समोर बसलेले रुश्तूकाका मोठ्या आशेनं त्याच्याकडे पाहत होते.

वेदातनं घोट गिळला आणि वाडगा मुकद्देसबाईंपुढे केला.

"आई, अजून एक पळी वाढा."

रुश्तूकाकांनी सुस्कारा सोडला, मान खाली घातली आणि निमूट जेवायला लागले.