पिवळे तळहात

चष्म्यामुळेच ललितचं लग्न अडलंय, असा निष्कर्ष बेबाबाईंनी काढला. नकार देणाऱ्या एकाही मुलीने चष्म्याचं नाव घेतलं नव्हतं. पण फैजपूरला केळीची बाग, दुमजली घर आणि आईच्या शब्दाबाहेर नसलेला मुलगा एवढं जमेला असताना, खर्चाच्या बाजूला दुसरं काय असणार? त्यात मोबाइलवर कुणीशी बाई म्हणाली, गाजरातल्या अ जीवनसत्त्वाने चष्मा सुटतो. झालं. ललितच्या पोटात सकाळी गाजराचा रस, दुपारी कोशिंबीर, रात्री तुपातला हलवा जाऊ लागला. मधल्या वेळी पपई.

"आई, अजून धूसरच दिसतं," दोन महिन्यांनी ललित म्हणाला.

"मंग गाजर कमी पडू राह्यलं," बेबाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दोंडाईच्याचं स्थळ आलं. मुलगी पाहायला जाताना गावाच्या वेशीवरच बेबाबाईंनी ललितचा चष्मा काढून पर्समध्ये टाकला.

मुलीचे वडील अभिमन आप्पा दारात उभे होते. ललितने वाकून नमस्कार केला तो चादर घातलेल्या कूलरला. पोरगा फारच नम्र दिसतो, असं आप्पांना वाटलं. मयुरी पोहे घेऊन आली, आईने ललितच्या पायावर पाय दिला आणि तो लगेच म्हणाला, "पसंत आहे." मग बशीसाठी त्याने दोन्ही हात पुढे केले. हळदीचा मुहूर्त निघण्याआधीच हातांना हळद लागलेली होती.

"बेबाबाई, पोर्‍याना हात दखा. कावीळ शे," आप्पा म्हणाले.

"नाही हो, रंगच तसा. उजळ."

"उजळ नही, पिवळा शे. कावीळ लपाडीसन पोर दखाले उनात?"

बेबाबाई उठायच्या बेतात होत्या. पण उठलं असतं तर संध्याकाळपर्यंत जळगावपर्यंत कावीळ पोचली असती. गल्लीतच डॉक्टर होता. सगळे निघाले, मयुरीसुद्धा.

डॉक्टरांनी ललितच्या पापण्या ओढून पाहिल्या. "डोळे पांढरेशुभ्र आहेत. कावीळ नाही. गाजर खाता का?"

"जरासं," बेबाबाई म्हणाल्या.

"रोज किलोभर," ललित म्हणाला. आईच्या शब्दाबाहेर तो आयुष्यात पहिल्यांदाच गेला.

"तरीच. गाजर-पपईतल्या रंगापासून शरीर अ जीवनसत्त्व करतं, पण लागेल तेवढंच. उरलेला रंग कातडीत जाऊन बसतो. सोबत तूप असलं की तो आणखी छान भिनतो. घाबरू नका, बंद केलं की उतरेल. कलेजीत मात्र अ जीवनसत्त्व तयारच असतं; ती अशी रोज खाल्ली असती तर महागात पडलं असतं. पण एवढं खायचं कारण?"

"डोळ्यांसाठी," ललित म्हणाला.

"अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, हे खरं. पण चष्म्याचा नंबर त्याने जात नाही."

"कोना नंबर?" आप्पांनी विचारलं.

कावीळ फिटली आणि चष्मा अंगावर आला. "बारीकसा आहे. पाऊण," म्हणत बेबाबाईंनी नाइलाजाने पर्स उघडली.

ललितने चष्मा लावून मयुरीकडे पाहिलं आणि ओशाळून पुन्हा पाहिलं.

"म्हणजे घरी काहीच दिसत नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग पसंत कशी पडले मी?"

"आईने पायावर पाय दिला."

आप्पांनी निरोपाचे हात जोडले. मयुरी म्हणाली, "थांबा आप्पा." मग ललितला, "दोन महिने गाजर. कुरकुर केली नाही?"

"आई देत होती."

"आणि चव?"

"चवीचं कोण विचारतं?"

मयुरीने क्षणभर हिशेब केला. "आप्पा, मले पसंत शे. समोर ठेवलं ते खातो, सांगितलं ते बोलतो. पोरगा तयार आहे. फक्त सांगणारी बदलायची."

ललित दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला. बदलायची ती सांगणारी म्हणजे आपणच, हे बेबाबाईंच्या मात्र ध्यानात आलं. दोन महिने गाजरं किसली कुणी, आणि आयता हलवा खाणार कोण?

"तसा तो हट्टी हाये हो," त्या घाईने आप्पांना सांगू लागल्या. "घोरतो बी. अन् नंबर पाऊण नाही, साडेचार हाये."