मल्लाप्पांचे पाच पत्ते

भूमच्या बाजारात मल्लाप्पांकडं लुगडं घ्यायला गेलं, की आधी त्यांना आपल्या मनातलं ओळखू द्यावं लागे. गादीखालून पुठ्ठ्याचे पाच पत्ते निघत. चंद्र, मासा, त्रिशूळ, दिवा, बेल. चित्रं शाईनं स्वतः काढलेली. गिऱ्हाइकानं एक ओढायचा, चित्र आपण बघायचं आणि पत्ता छातीशी धरायचा. मल्लाप्पा कपाळावरच्या भस्माला बोट लावत, डोळे बारीक करत. "मनात धरा, तोंडात नको," म्हणत आणि बिनचूक सांगत. मग कुठं कापडाचा गठ्ठा सुटे.

येरमाळ्याला देवीला निघालेली माणसं वाट वाकडी करून यायची. बायको गेली तेव्हा समाचाराला आलेल्या व्याह्यांनाही त्यांनी पत्ता ओढायला लावला होता. माझं शिलाईचं दुकान शेजारीच. परगावी गेलो, की मी त्यांचा शेजारी, हे आधी सांगायचो.

निजामाची शेवटची वर्षं. गावात चळवळीची पत्रकं सापडली. अमीनानं, म्हणजे तेव्हाच्या फौजदारानं, संशयावरून तिघांना चावडीपुढं उभं केलं. त्यात माझा थोरला भाऊ होता. मग मल्लाप्पांना बोलावणं गेलं.

"तुम तो दिल की बात जानते हो," अमीन म्हणाला. "बताओ, इन तीनों में पर्चे किसने बाँटे?"

पत्रकं भावानंच वाटली होती, आणि मल्लाप्पांना ते ठाऊक होतं. त्यांच्याच दुकानच्या कापडात गुंडाळून तो ती न्यायचा. नाव घेतलं तर भाऊ जाणार. गप्प राहिले तर लपवतो म्हणून ते स्वतःही जाणार.

सगळा बाजार जमला होता. मल्लाप्पांनी पत्ते काढून चावडीच्या ओट्यावर पालथे मांडले.

"साहेब, मला मनातलं काय बी कळत न्हाय. पाठीवरची नक्षी बघा. कोपऱ्यात एक ठिपका म्हंजी चंद्र, दोन म्हंजी मासा. इतकी वर्सं लोकांना फसवलं म्या."

अमीनानं पत्ते निरखले आणि तो हसत सुटला. शिपाई हसले, मग गावही हसलं. पुरावा नव्हताच, तिघांना त्यानं हाकलून दिलं.

त्या दिवसापासून लुगडी खपत, पण मनातलं ओळखा म्हणून कुणी म्हणेना. पोरंसोरं 'ठिपकेअप्पा' म्हणू लागली. मल्लाप्पांनी कधी कुणाला खरं कारण सांगितलं नाही. मला मात्र त्यांचा शेजारी असल्याचा आधी नव्हता एवढा अभिमान वाटू लागला.

एका दुपारी मी त्यांच्या गादीवर जाऊन बसलो. "अप्पा, पत्ते काढा."

"खुणा ठाव्या हायेत की आता तुला."

"तुम्ही बघू नका, मग झालं."

त्यांनी डोळे घट्ट मिटले. मी पत्ता ओढला. दिवा होता. त्यांनी कपाळावरच्या भस्माला बोट लावलं.

"मासा," ते हळूच म्हणाले.

"बरोबर," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. पत्त्याची पाठ त्यांच्याकडंच होती. त्यांनी तिच्या कोपऱ्यातल्या चार ठिपक्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. पत्ता माझ्या हातून घेऊन बाकीच्यांत मिसळला, आणि गादीवर सरकून मला ऐसपैस जागा केली.

"बस की अजून जरा," म्हणाले.